सातही प्रांतांचा संच की एकाच नाण्याचा माग? डच प्रांतिक नाण्यांविषयी सविस्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा : चार वर्षं आइंडहोव्हनला आहात. गेल्या महिन्यात तिथल्या जुन्या बाजारात भाला धरलेल्या बाईचं, १७९०च्या दशकातलं चांदीचं गुल्डन चाळीस युरोला घेतलंत. आता जुन्या डच गणराज्याच्या सातही प्रांतांचं एकेक चांदीचं आणि एकेक सोन्याचं नाणं जमवायचं मनात आहे आणि हाताशी दोन हजार युरो आहेत. सुरुवात कुठून करू, फसगत कशी टाळू, आणि पुढे पुण्याला परतताना हे सगळं नेता येईल का, हे तुम्ही विचारलंय.

मी वीसेक वर्षं याच देशात हीच नाणी गोळा करतोय. तेव्हा आधी स्पष्ट सांगतो : तुमची खरी अडचण दोन हजार युरोंची नाही, ‘सात’ या आकड्याची आहे. प्रांत सात, म्हणून संच सातांचा, असं वाटणं साहजिक आहे. मीही तिथूनच सुरुवात केली होती. पण टांकसाळींचा हिशेब त्या आकड्यात बसत नाही.

१५७९च्या उट्रेख्तच्या करारानं हे प्रांत एकत्र आले, पण नाणी पाडायचा हक्क प्रत्येकानं स्वतःकडेच ठेवला. हॉलंडची टांकसाळ डोर्ड्रेख्तला. पण हॉलंडच्याच उत्तर भागाची, म्हणजे वेस्ट-फ्रीसलंडची, टांकसाळ वेगळी, आणि ती होर्न, एन्कहाउझेन, मेडेम्ब्लिक अशी आळीपाळीनं फिरायची. म्हणजे नाण्यांवर आठवा ‘प्रांत’ आलाच. ओव्हराईजसेलमध्ये प्रांताच्या जोडीला डेव्हेंटर, काम्पेन, झ्वोले ही शहरं आपापली नाणी पाडत. गेल्डरलांडमधल्या नाइमेखेन आणि झुटफेन या शहरांचंही तसंच. उलट ग्रोनिंगन प्रांतानं मोजकीच नाणी काढली. त्यांचं सोनं बाजारात आलंच तर तुमची सगळी रक्कम एका नाण्यात संपेल. सातही प्रांतांनी भरपूर पाडलेला, आज परवडेल असा एकच प्रकार नाही. संच अर्धवट राहतो, मग माणूस उरलेली जागा भरायला वाटेल ते, वाटेल त्या अवस्थेतलं घेतो. सगळ्यात जास्त पैसे तिथे वाया जातात.

हा गोंधळ समजून घेतल्याशिवाय नाणी कळत नाहीत, म्हणून थोडं थांबतो. आपल्याकडे मराठेशाहीत अंकुशी, चांदवडी असे वेगवेगळे रुपये चालायचे आणि सराफ प्रत्येकावर वेगळा बट्टा घ्यायचा. इथेही तसंच होतं. टांकसाळीचा प्रमुख हा पगारी नोकर नसायचा, तो नफ्यावर चालणारा व्यावसायिक असायचा. जास्त नाणी पाडली की जास्त कमाई, आणि चांदी जरा कमी घातली की आणखी. १६०६च्या फर्मानानं वजनं आणि कस ठरवून दिले, तरी हलकी नाणी येतच राहिली. १६०९ साली ॲमस्टरडॅमनं विनिमय बँक काढली, तिचं एक मोठं कारण हेच : व्यापाऱ्यानं नाणी तिथे जमा करायची, बँकेनं कस बघून खात्यात रक्कम मांडायची आणि पुढचे व्यवहार खात्यावरच व्हायचे. १६९०च्या दशकात शहरांना भरपाई देऊन त्यांच्या टांकसाळी बंद केल्या, आणि १६९४ साली गुल्डनचा एकच नमुना सगळ्यांसाठी ठरला. तुमच्या हातातली ती भालेवाली बाई म्हणजे तोच नमुना. भाल्याच्या टोकावर स्वातंत्र्याची टोपी आणि कोपराखाली, खांबावर ठेवलेलं बायबल. भोवतीच्या लॅटिन ओळीचा अर्थ असा की हिचं आम्ही रक्षण करतो, हिच्यावर आम्ही विसंबतो. वजन १०.६ ग्रॅम, कस ९२० हजारांश. उत्तम चांदी आहे ती.

आता सल्ला. सात प्रांतांऐवजी एक प्रकार निवडा आणि तो जितक्या प्रांतांत चांगल्या अवस्थेत मिळेल तितका घ्या. माझं मत विचाराल तर चांदीचा डुकाट. १६५९ साली तो सुरू झाला आणि गणराज्य कोसळल्यावर बटाव्हियन राजवटीतही, १८०६पर्यंत, प्रांतांच्या नावानं पडत राहिला. वजन २८.२५ ग्रॅम, किंमत ५० स्टाउव्हर, म्हणजे अडीच गुल्डन. चिलखतातला उभा योद्धा, खांद्याशी तलवार, आणि पायांपुढे त्या त्या प्रांताची ढाल. दीडशे वर्षं चित्र जवळपास तेच. त्यामुळे दोन नाणी शेजारी ठेवली की फरक आपोआप दिसू लागतात : या टांकसाळीचा कारागीर गुडघा कसा कोरतो, त्या टांकसाळीची अक्षरं किती उंच. डोळा तयार व्हायला याहून चांगली शाळा मला तरी सापडली नाही. उट्रेख्तचा अठराव्या शतकाच्या शेवटचा डुकाट मध्यम अवस्थेत मी शंभर-सव्वाशे युरोंत घेतलाय. चांदीचा भाव वाढला की हा आकडाही वर सरकतो. झीलंडचाही सहज मिळतो. झीलंडची एक गंमत लक्षात ठेवा : त्यांनी आपला डुकाट ५० ऐवजी ५२ स्टाउव्हरला चालवला आणि बाकीच्यांशी त्यावरून कायम कुरबुर राहिली.

प्रांत ओळखायला ढाल आणि अक्षरं दोन्ही बघायची, एकावर विसंबायचं नाही. हॉलंडच्या ढालीवर एकटा सिंह. झीलंडचा सिंह लाटांतून वर येतो. ओव्हराईजसेलच्या सिंहावरून नागमोडी पट्टा जातो. गेल्डरलांडचे दोन सिंह समोरासमोर उभे. पण फ्रीसलंड आणि वेस्ट-फ्रीसलंड दोघांच्याही ढालीवर दोन सिंह एकाखाली एक चालताना दिसतात, आणि झिजलेल्या नाण्यावर फक्त चित्रावरून ते वेगळे करायला जाल तर चुकाल. तिथे अक्षरंच वाचायची. अक्षरांत सगळ्यात जास्त घोळ उट्रेख्त आणि ओव्हराईजसेलचा. ‘टी, आर, ए, आय’ म्हणजे ट्रायेक्टम, उट्रेख्त. ‘टी, आर, ए, एन, एस’ म्हणजे ट्रान्सिसुलानिया, आइजसेल नदीपलीकडचा प्रदेश, ओव्हराईजसेल. काही वर्षांपूर्वी एका लिलावाच्या यादीत ‘उट्रेख्त’ म्हणून छापलेलं नाणं फोटोत मोठं करून बघितलं. ‘ए’नंतर स्पष्ट ‘एन’ होता. ओव्हराईजसेलची नाणी तुलनेनं कमी दिसतात. उट्रेख्तच्या भावात ते मला मिळालं आणि आजही माझ्या खणात पहिल्या रांगेत आहे. शिवाय टांकसाळीची खूण बघा : डोर्ड्रेख्तचं गुलाबाचं फूल, झीलंडचा किल्ला, उट्रेख्तची शहराची छोटी ढाल. तुमच्या विक्रेत्यानं गुल्डन ओव्हराईजसेलचं आहे असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. मागच्या बाजूला, मुकुटाखालच्या ढालीभोवती, ओळीच्या शेवटची अक्षरं वाचा. मला वाटतं ते उट्रेख्तच निघेल, कारण त्या दशकातली उट्रेख्तची गुल्डनं सगळ्यात जास्त फिरतात. तरी चाळीस युरो वाजवीच आहेत.

सिंहाच्या नाण्याविषयी, म्हणजे लेउवेनडाल्डरविषयी, वेगळं सांगायला हवं, कारण लोक त्याच्यावर भाळतात आणि त्याचा दर्जा ठरवताना चुकतात. हॉलंडनं १५७५ साली, स्पेनशी युद्ध पेटलेलं असताना, ते काढलं. वजन २७.६८ ग्रॅम, पण कस फक्त ७५०. डुकाटच्या मानानं चांदी कमी, म्हणूनच व्यापाऱ्याला ते परदेशी खपवण्यात फायदा. ऑट्टोमन साम्राज्यात ते इतकं चाललं की अरबी भाषक त्याला ‘अबू कल्ब’, कुत्र्याचं नाणं, म्हणू लागले. झिजलेला सिंह त्यांना कुत्रा दिसला. रुमानियाचा आजचा लेउ आणि २०२६ साली युरो येईपर्यंत चाललेला बल्गेरियाचा लेव्ह, या चलनांची नावंही या सिंहाकडूनच आली आहेत. ही नाणी हातोड्यानं, घाईत पाडलेली. अर्धी अक्षरं उमटलेलीच नसतात. नवखा माणूस त्याला झीज समजतो आणि नाणं सोडून देतो, किंवा उलट, झिजलेलं नाणं ‘छाप कमजोर आहे हो’ या विक्रेत्याच्या बोलण्यावर घेतो.

फरक असा ओळखायचा. छाप कमजोर असेल तर ज्या जागी पुढची बाजू सपाट आहे, नेमक्या तिच्याच पाठीमागची जागाही सपाट असते, कारण तिथे धातूला दाबच मिळाला नाही. त्या सपाट भागावर मूळ पत्र्याचा खरखरीतपणा राहिलेला दिसतो. झीज मात्र उंच भागांवर येते : योद्ध्याचा चेहरा, गुडघा, सिंहाची मांडी. ती गुळगुळीत आणि बोथट असते. हे एकदा डोळ्यांत बसलं की लेउवेनडाल्डर घ्यायला हरकत नाही. बाहेरचं मण्यांचं वर्तुळ एका अंगाला गायब असेल तर वजन करा. ते कातरलेलंही असू शकतं.

चांदीचा रायडर, म्हणजे डुकाटोन, माझा सगळ्यात आवडता. ३२.७८ ग्रॅम, कस ९४१, तलवार उगारलेला घोडेस्वार आणि खाली प्रांताची ढाल. आपला या नाण्याशी खरा संबंध आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं ही नाणी पेट्या भरभरून पूर्वेकडे आणायची. आपले कागद ज्यांना वलंदेज म्हणतात तेच हे लोक. वेंगुर्ल्याच्या वखारीचे अवशेष आजही उभे आहेत, सुरतेची वखार त्याहून मोठी. सुरतेत उतरलेली परदेशी चांदी बहुतेक वितळून मुघल टांकसाळीचे रुपये व्हायची, म्हणून इतकी नाणी येऊनही आपल्याकडे ती फार उरली नाहीत. बरीच समुद्रात उरली. १७२५ साली नॉर्वेच्या रुंडे बेटाजवळ बुडालेल्या ‘आकेरेनडाम’ जहाजातून १९७२ साली सुमारे ५७ हजार नाणी वर आली. इंग्लंडच्या गुडविन वाळूवर १७४० साली फुटलेलं ‘रोसवाइक’ही असंच. बाजारातले कितीतरी रायडर अशा जहाजांतले असतात. खाऱ्या पाण्यानं खाल्लेल्या चांदीवर बारीक खड्डे पडतात, वजन घटतं आणि नाणं साफ केल्यावर निर्जीव पांढरं दिसतं. त्यात कमीपणा काही नाही, फक्त भाव त्या हिशेबानं हवा. कोणत्या जहाजातलं ते सांगणारा कागद सोबत असेल तर जपून ठेवा, कारण त्या कागदाशिवाय ते फक्त गंजलेलं नाणं राहतं.

सोन्याविषयी थोडक्यात. सोन्याचा डुकाट ३.४९ ग्रॅमचा, त्यात ३.४४ ग्रॅम शुद्ध सोनं. आजच्या भावानं गुणाकार करा, म्हणजे सात नाणी दोन हजारांत का बसत नाहीत ते दिसेल, आणि यात हौसेचा एक पैसाही अजून धरलेला नाही. यावर ढाल नसते. हातात बाणांची जुडी धरलेला योद्धा एका बाजूला आणि चौकटीतला मजकूर दुसऱ्या. ‘एकीनं लहान गोष्टी मोठ्या होतात’ या अर्थाच्या लॅटिन ओळीच्या शेवटी प्रांताची तीन-चार अक्षरं, त्यावरूनच ओळखायचं. रशियानं सेंट पीटर्सबर्गला याची हुबेहूब नक्कल पाडली, आणि डच टांकसाळ आजही हाच योद्धा छापते, त्यामुळे साल नीट बघा. वजन आणि कस व्हेनिसच्या डुकाटच्या जवळचा. आपल्या आज्यांच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात ते व्हेनिसचंच नाणं. घरातल्या माळेत कधी एखादा डच योद्धा निघाला तर मला नवल वाटणार नाही.

माळेवरून आठवलं, आणि हे नीट ऐका, कारण इथेच मी दुखावलो होतो. एका प्रदर्शनात झीलंडचा सोन्याचा डुकाट घेतला. प्रकाश कमी होता, गर्दी होती, विक्रेता घाई करत होता. घरी भिंगाखाली बघितलं तर वरच्या टोकाला, बाराच्या काट्यावर, कड कानशीनं घासलेली आणि तिथलं सोनं जरा फिकट. कधीकाळी त्याला कडी होती, ती काढून डाग लपवला होता. नंतर मोडीच्या भावात विकावा लागला. तेव्हापासून कुठलंही नाणं हातात घेतलं की मी आधी कड बघतो, चेहरा नंतर. हलकासा वाक सोन्याच्या डुकाटला चालतो, तो पातळच असतो. घासलेली कड चालत नाही.

खोट्याविषयी. आपल्याकडे नाणं खणखणीत वाजवून घ्यायचे, ते आता मी कुणाला सुचवणार नाही, कडेला मार बसतो. दोन दशांशापर्यंत मोजणारा छोटा काटा आणि दहापटीचं भिंग घ्या, दोन्ही मिळून तीस-चाळीस युरो. ओतीव नकलेत अक्षरांच्या भिंती गोलसर आणि मऊ दिसतात, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे असतात, कडेवर सांध्याची रेघ किंवा ती लपवायला केलेलं घासकाम. खऱ्या, ठोकलेल्या नाण्याची अक्षरं सरळ उभी उठतात. वजन ठरलेल्यापेक्षा थोडं कमी असणं हे हातोड्याच्या नाण्यात नित्याचं. जास्त असेल तर मात्र मी लगेच परत ठेवतो.

डच विक्रेते अवस्था सांगतात ते शब्द फसवे आहेत. ‘फ्राय’ म्हणजे शब्दशः ‘छान’, प्रत्यक्षात बरंच झिजलेलं. ‘झेअर फ्राय’ म्हणजे ‘फार छान’, प्रत्यक्षात मध्यम. त्याच्या वर ‘प्राख्तिख’ आणि मग अस्पर्श नाणं. चांदीच्या डुकाटमध्ये ‘झेअर फ्राय’च्या खाली जाऊ नका. दुर्मीळ प्रांत असेल तर गोष्ट वेगळी. लिलावात बोली जिंकलीत की वर साधारण वीस टक्के दलाली आणि टपाल येतं. आधी ते धरून मगच कमाल बोली ठरवा, आणि ठरवलेला आकडा ओलांडू नका. वर्णनात ‘डेलमाँटे’ क्रमांक दिसेल, म्हणजे डेलमाँटे यांच्या नाणेसूचीतला क्रमांक; तो प्रकार नक्की करायला उपयोगी पडतो.

आणि एक विनंती : नाणं घासू नका. चिंच, रांगोळी, पितांबरी, काहीही नको. तांब्याच्या कळशीला जे शोभतं ते नाण्याला मारतं. चांदीवरचा करडा-निळसर थर अडीचशे वर्षांत आलेला असतो. तो एकदा गेला की परत आणता येत नाही, आणि जाणकार खरेदीदार ते लांबूनच ओळखतो. प्लास्टिकच्या मऊ, वास येणाऱ्या पाकिटांतही ठेवू नका, त्यांतून निघणाऱ्या द्रव्यानं नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. साध्या आम्लविरहित कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा.

भारतात नेण्याचं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. कायमचं परतणार की ये-जा राहणार, हे आधी ठरवा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानं भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष धरलं जातं आणि ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे. म्हणजे एकदा संग्रह पुण्यात गेला आणि तुम्ही पुन्हा इकडे आलात, तर तो तिथेच अडकण्याची शक्यता धरून चाला. जाण्याआधी सीमाशुल्क खात्याचे नियम विचारा आणि प्रत्येक खरेदीची पावती आजपासूनच जपा. जुन्या बाजारातल्या खरेदीलाही हातानं लिहिलेली चिठ्ठी मागितली तर बहुतेक जण देतात.

दोन हजारांची विभागणी मी अशी करेन : उट्रेख्त, झीलंड, हॉलंड, वेस्ट-फ्रीसलंड आणि गेल्डरलांडचे चांदीचे डुकाट वर्षभरात, घाई न करता. एक चांगला लेउवेनडाल्डर. जमलं तर एक सोन्याचा डुकाट, उट्रेख्तचा, कड बघून. उरलेले पैसे ओव्हराईजसेलसाठी राखून ठेवा, तो कधी समोर येईल सांगता येत नाही. आणि एकदा हार्लेमच्या टायलर संग्रहालयात जाऊन या. नाणी तिथल्या जुन्या लाकडी खणांच्या सहवासात बघताना आपण काय जमवतोय ते वेगळंच जाणवतं.

तुमच्या गुल्डनचं वजन कळवा. कडेचा एक फोटो, खिडकीच्या उजेडात काढलेला, आणि शेवटच्या अक्षरांचा एक जवळून, एवढे पाठवलेत तर कुठलं ते नक्की सांगतो.